घटातली माती

सातवी माळ चढली तरी घटात एकही अंकुर फुटला नव्हता. घटाला हात लावायचा नसतो, तरी द्वारकाताईंनी माती उकरली. बोटाला बॅटरीचं लाल झाकण लागलं.

चाळीसमोरच्या, आता बंद पडलेल्या बॅटरीच्या कारखान्यात अशी हजारो झाकणं त्यांनीच बसवली होती. तिथल्या जमिनीत शिसं आणि ॲसिड मुरलंय, ती साफ करा, म्हणून नऊ वर्षं त्यांनी अर्ज केले. यंदा सरकारी निधी आला, तिथं बाग करायची म्हणून विषारी माती ट्रकांनी उचलली. द्वारकाताईंनी पेढे वाटले.

"ही माती कुठनं आणलीस गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाक्यावरनं. ट्रकवाला ढीग टाकून गेला होता. सगळ्या चाळीनं घटाला तीच घेतलीय." सून घाबरली. "देवी कोपली का हो, आई?"

"देवी कशाला कोपेल?" द्वारकाताईंनी झाकण तिच्या तळहातावर ठेवलं.

सुनेनं झाकण ओळखलं, समोरच्या कारखान्याकडे पाहिलं. "मग दसऱ्याला ही टाकायची कुठं? नदीत, का तुळशीत?"

नऊ वर्षांच्या प्रत्येक अर्जात द्वारकाताईंनी एवढंच लिहिलं होतं, 'माती इथून उचला.'