शिक्क्याचं निशाण

"निशाण हातात आल्याशिवाय फाटक उघडणार नाही," असं तिसऱ्यांदा सांगून फाटकवाले काका पुन्हा दाढी करायला लागले.

तो सगळा फेस त्यांच्या नाकात कोंबावा, असं भिंगरीला वाटलं.

डोंगरातला रस्ता एका गाडीपुरता. सकाळी गाड्या वर यायच्या, दुपारी खाली जायच्या. शेवटच्या गाडीकडे लाल निशाण. ते फाटकावर पोचलं की रस्ता मोकळा, आणि तेच निशाण मग खाली जाणाऱ्या शेवटच्या गाडीकडे. आज सकाळच्या सगळ्या गाड्या आल्या. निशाण तेवढं आलं नाही.

"अहो काका, शेवटी दुधाचीच गाडी होती ना? ती ही काय, तुमच्या डोळ्यांसमोर उभी आहे!"

"गाडी आहे. निशाण कुठंय?"

दूधवाला कानकोंडा झाला. "खिडकीत खोचलं होतं. पडलं असेल एखाद्या वळणावर."

"पडलं असेल?" आई कडाडली. "संध्याकाळपर्यंत पोरगी हजर झाली नाही, तर वसतिगृहातली जागा दुसरीला देतील! झोपला होतास का रे गाडी चालवताना?"

"मावशी, तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात की."

"मग? तुझं निशाण राखायला बसले होते होय? हिच्यासाठी बादली घेऊन येत होते मी!"

भिंगरीचा ऊर भरून आला. आई अशी तोफ डागायला लागली की भल्याभल्यांची पळापळ व्हायची. तिची बॅगसुद्धा आईनेच भरली होती. भरली, उपसली, पुन्हा भरली.

काकांनी शेवटी ऑफिसात फोन लावला. "साहेब म्हणतात, नवं शिवून उद्या पाठवतो."

"शिवून? चौकोनी फडकं तर आहे! ही घ्या माझी ओढणी. लालभडक आहे."

"त्यावर शिक्का नाही."

भिंगरीला खाली वसतिगृहात सोडायला जीप घेऊन थांबलेल्या मामाने कपाळावर हात मारून घेतला.

"जाऊ दे बाई," आई एकदम थंड झाली. "चल घरी. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी?" भिंगरी काकांकडे वळली. "फाटक गाड्यांसाठी आहे ना? की माणसांनाही निशाण लागतं?"

"माणसांना कशाला लागेल?"

"मग मी चालले. पायी."

आई आधी हसलीच. भिंगरीने बॅग पाठीवर टाकली, बादली उचलली आणि वाकून फाटकाखालून पलीकडे गेली.

"भिंगरे! अगं, दरडी कोसळतात तिथं! मागे फिर!"

ती फिरली नाही. चिडून ती इतक्या तरातरा निघाली होती की बादलीची कडी नुसती खडखडत होती. पहिल्या वळणाशी मागून चपलांचा आवाज आला आणि आईने तिचा दंड धरला. आईला धाप लागली होती.

"चालत नको जाऊस," ती म्हणाली. "मामाच्या गाडीनं जा."

"कशी जाऊ? बावळटासारखं कुणीतरी निशाण..."

आईने शालीत हात घातला आणि लाल फडकं गुंडाळलेली काठी तिच्या बादलीत टाकली.