मला काय ठाऊक

घरकामाच्या रोबोला काय काय माहीत आहे ते साध्या माणसांना कळावं, काही लपून राहू नये, म्हणून त्याच्या पडद्यावरचे शब्द ठरवायचे, ही माझ्या लेकीची नोकरी. मला 'आजी' म्हणणाऱ्या आमच्या घरातल्या रोबोवर तिने आधी 'उपलब्ध माहिती' असं बटण ठेवलं. "असं कोण बोलतं गं?" मी वैतागले. "सरळ 'मला काय ठाऊक' लिही." ती पोट धरून हसली, पण तिने तसंच लिहिलं. वर माझे डोळे अधू, म्हणून बटण न दाबता नुसते ते शब्द म्हटले की रोबो सगळं बोलून दाखवेल, अशी सोय केली. आज माझी बॅग माळ्यावरून उतरवलेली दिसली. "ही कुणी काढली?" मी विचारलं. भाजी चिरताना लेक म्हणाली, "मला काय ठाऊक!" कोपऱ्यातला रोबो उजळला: "बॅग मी काढली. शनिवारी आजींना वृद्धाश्रमात सोडायचंय. आजींना कळू द्यायचं नाही."