गालावरचा थेंब

पडद्यावर बाईंनी नायकाच्या कोटाचं शेवटचं बटण लावलं, मान वर केली, हसल्या, आणि गालावर काहीच ओघळलं नाही.

मागच्या रांगेत पेंगत बसलेली सफाईवाली ताडकन सरळ झाली. झोप पार उडाली. अगं बाई, थेंब माझ्याच हातून गेला!

सफाईवाली म्हणजे झाडूवाली नव्हे. जुन्या सिनेमांवरचे ओरखडे, डाग, बुरशी संगणकावर पुसायचं तिचं काम, म्हणून ऑफिसात हे नाव पडलेलं. एकेक चित्र थांबवायचं, मोठं करायचं, पांढरं दिसेल ते उडवायचं आणि पुढचं चित्र घ्यायचं. पडद्यावर पापणी लवेपर्यंत जेवढं सरतं, तेवढ्यात तिची अख्खी सकाळ जाई. घरी गेल्यावर नवऱ्याच्या गालावरचा तीळसुद्धा पुसून टाकावासा वाटे. हा सिनेमा तिने लहानपणी आईच्या मांडीवर बसून पाहिला होता. तो थेंब कोणाला ठाऊक नाही? हसता हसता डोळ्यातून सुटतो, ओठांच्या कडेपर्यंत येतो, आणि त्याला दिसू नये म्हणून बाई मान वळवतात. पण थांबवलेल्या चित्रात कोणी रडत नसतं. तिथे नुसता एक पांढरा ठिपका असतो, आणि महिनोन् महिने ठिपके उडवून उडवून तिचा हात आता तिला न विचारताच चालत होता.

दिवे लागले. साहेब नाक ओढत उठले.

"वा! काय तो थेंब! आणि काय लख्ख दिसला! आधी ओरखड्यांत हरवून जायचा बिचारा."

"माझ्या तर अंगावर काटा आला," शेजारी बसलेले सिनेमाचे वितरक म्हणाले. "आमची ही असती तर इथेच हुंदके देत बसली असती."

सफाईवाली बघतच राहिली. नसलेला थेंब सगळ्यांनी पाहिला होता! मग सुटलोच की आपण. संध्याकाळी सिनेमा रवाना व्हायचा होता आणि उद्यापासून तिची सुट्टी होती, कधीपासून मागून मागून मिळालेली. तिला दुसरं काही नको होतं, नुसतं झोपायचं होतं. तिने तोंड उघडलं नाही तर कोणाला पत्ताही लागणार नव्हता.

"इकडे ये गं जरा." पुढच्या खुर्चीतून बाईंनी हाक मारली. आज त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. पडद्यावरच्या त्याच बाई, आता हातात काठी आणि डोळ्यांवर जाड चष्मा. "हे सगळं तू धुतलंस ना? मग तुलाच विचारते, यांना नको. मला तो दिसला नाही."

सफाईवालीने नजर कोऱ्या पडद्याकडे वळवली.

"मोतीबिंदू काढलाय माझा. बटणं दिसली, त्याच्या कॉलरची शिवणसुद्धा दिसली. थेंबच तेवढा नाही. परवा बहिणीचं नाव आठवेना, आणि आज हे. वरचा मजला रिकामा व्हायला लागला बहुतेक." बाई हसल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या मुलांच्या कानावर जाऊ देऊ नकोस हां. ते निमित्तालाच टेकलेत. मला कुठे नेऊन ठेवायचं ते बघूनही आलेत."

"बाई, चला, फोटो काढू या!" साहेब तिकडून ओरडले.

सफाईवालीला एकदम रडूच यायला लागलं. रागाने की थकव्याने, तिचं तिलाच कळेना.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत, बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आणि डोकंही. थेंब नाहीच आहे तिथे. डाग समजून मी पुसला."

"काहीतरीच काय बोलता!" साहेब उसळले. "मी आत्ता या डोळ्यांनी पाहिला!"

"पुन्हा लावून बघा."

पुन्हा लावलं. बटण, मान, हसू. कोरडा गाल. वितरक आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"असू दे," साहेब शेवटी हळूच म्हणाले. "आम्हाला दिसला, तसा लोकांनाही दिसेल. कोणाला कळणार आहे?"

"ज्यांनी पाहिलाय त्यांना नाही कळणार, साहेब. ज्यांनी अजून पाहिलाच नाही, त्यांचं काय?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "किती वेळ लागेल?"

"मूळ फिल्मवर आहे तो अजून. एकेका चित्रावर परत आणून बसवावा लागेल. आज काही पाठवता येत नाही. आणि माझी सुट्टी तर गेलीच."

बोलताना तिला जांभई आली. लपवायचंही त्राण नव्हतं. बाई मात्र ताठ उभ्या राहिल्या होत्या. चेहरा पार बदलला होता.

"मला तुझ्याशेजारी एक खुर्ची टाक."

"अहो बाई, तुम्ही घरी जाऊन पडा. फार वेळ लागेल."

"लागू दे. शूटिंगच्या वेळी तरी कुठे वेळेवर आला होता तो थेंब? जेवणं राहिली, ऊन कललं, दिग्दर्शक डोकं धरून बसले, आणि अख्खं युनिट माझ्या गालाकडे बघत खोळंबलं होतं." त्या साहेबांकडे वळल्या. "तुम्हीही थांबा जरा."