बोर्डिंगची एकच जागा

उमाबाईनं पोरांची खोली रिकामी करून सगळं सामान सोप्यात मांडलं. दोन पाट्या, दोन दौती, बोरूंची जुडी, पानं सुटलेली पुस्तकं, चार सदरे, दोन टोप्या. आजवर हे दोघांचं मिळून होतं. इरण्णाचं कुठलं आणि बंडूचं कुठलं, हे माकणीच्या त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. आज वाटणी करायची होती.

इरण्णा तिच्या धाकट्या दिराचा मुलगा, बंडू तिचा स्वतःचा. दोघांत चार महिन्यांचं अंतर. उद्या इरण्णा सोलापूरच्या बोर्डिंगात जायचा होता. बंडू इथंच राहणार होता.

निजामाच्या शाळेत पुढं सगळं उर्दूत. म्हणून दीर शरणबसप्पा चैत्रात दोन्ही पोरांना घेऊन सोलापूरला परीक्षेला गेले होते. महिन्यानं निकाल बघायला एकटेच गेले आणि परत आल्यावर वहाणा काढता काढता म्हणाले, "जागा एकच व्हती, वहिनी. इरण्णाचा नंबर लागला."

"पर काका," बंडू मधेच बोलला, "माझी समदी गणितं बरोबर आली व्हती. इरण्णाला तर निम्मी बी—"

"बंडू!" उमाबाई कडाडली. "काका काय खोटं बोलत्यात व्हय?"

त्या दिवसापासून पोरगं आईशी कामापुरतंच बोलायचं.

उमाबाईलाही वाईट वाटलं होतं, पण तिनं ते दाखवलं नाही. नवरा गुंडप्पा पटकीनं गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून दिरानं तिला कशात कमी पडू दिलं नव्हतं. मागं त्यांनी एका कागदावर तिचा अंगठा घेतला. "बोर्डिंगवाल्यांना घरातल्या थोरल्या बाईचा लागतो," म्हणाले. तिला उलट बरंच वाटलं. आपल्याला अजून थोरली म्हणतात. बंडूचा शाळेचा दाखलाही त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतला. "तुमच्या खोलीत उंदरं लई. पुढल्या साली लागंल त्यो."

तिनं खोली शेणानं सारवून घेतली. भिंतीतली एक दिवळी बंडूची केली. तिच्यात फुटक्या कोपऱ्याची पाटी ठेवली. चांगली पाटी, दोन्ही दौती, बऱ्या पानांची पुस्तकं इरण्णाच्या ट्रंकेत गेली. सदऱ्यांपाशी हात अडला. लढाईमुळं कापड मिळत नव्हतं, आणि इरण्णाच्या दोन्ही सदऱ्यांच्या कोपरांना ठिगळं होती. तिनं बंडूचा पांढरा सदरा उचलला, घडी घातली.

"माझा हाय त्यो," बंडू दारातून म्हणाला.

"इथं ढोरामागं हिंडताना तुला पांढरा कशाला लागतोय?"

बोलून गेल्यावर तिनं घडी मोडून पुन्हा घातली. बंडूनं सामानातली आपली टोपी उचलून स्वतःच ट्रंकेत टाकली आणि बाहेर निघून गेला.

दुपारी इरण्णा तिच्याजवळ येऊन बसला. पोरगं दोन दिवस धड जेवलं नव्हतं.

"मोठी आई, गुंडप्पा काका कशानं गेले?"

"पटकीनं, बाळा."

"कवा?"

"तुमी दोघं पाच वर्सांचे व्हता. जत्रंच्या दुसऱ्या दिशी."

"पटकीनं. जत्रंच्या दुसऱ्या दिशी," पोरगं पुटपुटलं. चुलत्याची आठवण काढतंय म्हणून तिनं त्याला पोटाशी धरलं.

सकाळी गाडी जुंपली. शरणबसप्पा म्हणाले, "हद्दीच्या नाक्यावर ट्रंक उघडत्यात, म्हणून वर कपडे, खाली पुस्तकं लावलीत ना, वहिनी?" तिनं मान हलवली. इरण्णा तिच्या पाया पडला आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसून जो रडायला लागला, तो सुटेचना. त्याची आई गिरिजाबाई बाजूलाच उभी होती.

"आक्का, माझ्यापाशी न्हाय रडला एवढा," ती म्हणाली आणि घरात निघून गेली.

श्रावणात एक दिवस लोहाऱ्याहून आलेल्या माणसानं टपालाचं कार्ड आणून दिलं. एरवी कागदपत्र शरणबसप्पांच्या हातात पडायचं. आज ते बैल बघायला वाशीच्या बाजाराला गेले होते.

"सोलापूरचं हाय," तो माणूस म्हणाला. "तुमच्याच नावानं."

उमाबाई हरखली. तिनं बंडूला गोठ्यातून हाक मारली. तो हात धुऊन आला, उंबऱ्यावर बसला आणि काहीशा नाखुशीनंच वाचू लागला.

"तीर्थरूप मातोश्री उमाबाई यांस, शिरसाष्टांग नमस्कार."

"मातोश्री!" उमाबाईचे डोळे भरले. "मोठी आई म्हणायचा, आता नुसती आईच म्हणायला लागला बघ. फुडं?"

"मी खुशाल आहे. इथं दोन वेळा भाकरी आणि आमटी मिळते. आम्ही लिहिलेली कार्डं गुरुजी वाचून मगच टपालात टाकतात. गुरुजी रोज मला सांगतात, बापाविना पोरांसाठी यंदा एकच जागा होती आणि परीक्षेत पहिला आलास म्हणून ती तुला मिळाली, हे विसरू नकोस."

बंडू थांबला.

"बापाविना?" उमाबाई म्हणाली. "काय तरी चुकून लिव्हलं आसंल. भावजी तर धडधाकट हायेत. वाच."

बंडूनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"आता खाली नावच हाय, आई."

"मग वाच की नाव."

त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं, "आपला आज्ञाधारक मुलगा, बंडप्पा गुंडप्पा."