गुरुवारचा संघ

येल्ले फुटबॉलच्या मैदानात आयुष्यात कधी डावीकडून खेळला नव्हता. त्या शुक्रवारी त्याला पहिल्यांदाच तिथे उतरवलं, आणि पहिल्या मिनिटापासून समोरचे दोन धिप्पाड गडी त्याच्याच वाटेवर उभे होते. बाकावर बसलेल्या प्रशिक्षक सित्सेनं बोटांवर मोजलं. लागोपाठ तिसऱ्या सामन्यात त्याचा संघ असा आधीच समोरच्यांकडे फुटला होता.

खेळाडूंना संघ कळायचा तो थेट ड्रेसिंग रूममध्ये. येल्लेची गोष्ट सित्सेनं आधी एकाच माणसाला सांगितली होती. त्याचा सहायक रूलोफ.

हंगामाचे चार भाग असतात. प्रत्येक भागात जो संघ पहिला येतो, त्याला शेवटी वरच्या श्रेणीत जाण्यासाठी झगडता येतं. त्यांचा वेस्टरफेन क्लब पिढ्यानपिढ्या दुसऱ्या श्रेणीत खितपत पडलेला, आणि यंदा या भागात चक्क पहिला होता. एकच सामना उरला होता. तो फुटला की सगळं मुसळ केरात.

सित्सेला आता जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. रूलोफ हल्ली फोन घेऊन बाहेर का जातो? आणि तो पडदा! अख्ख्या गल्लीत संध्याकाळी पडदे ओढणारा एकटा रूलोफ. बाकी सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या. लपवायचंय काय कुणाला?

सित्सेच्या घरी पडदे होते, पण ते ओढलेले कुणी पाहिले नव्हते. गुरुवारी संध्याकाळी तो बैठकीच्या खोलीत फळ्यावर नावं लिहिलेली अकरा चुंबकं मांडायचा. बायको तिनेके तिथेच जेवणाची तयारी करायची. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बाहेरून कुत्रा घेऊन जाणारा एक माणूस नेमानं हात वर करायचा, आणि तीही हसून हात हलवायची. सित्सेला ते फार आवडायचं. सरळ माणसांचं घर असंच असावं.

शनिवारी त्यानं रूलोफला क्लबच्या कँटीनमध्ये गाठलं. रूलोफ गरम तळलेली क्रोकेट खात होता.

"संध्याकाळी पडदे का ओढतोस रे?"

रूलोफ हसला. "बाहेर अंधार, घरात दिवा. म्हणून."

"हे काय उत्तर झालं?"

"सरळ उत्तर आहे, बाबा. झालंय काय?"

सित्सेनं येल्लेचं नाव काढलं, तसं रूलोफचं हसू मावळलं. त्यानं अर्धी क्रोकेट बशीत ठेवली.

"तुझ्या मागच्या दारानं येऊन इतकी वर्षं जेवलोय मी, सित्से."

"मग दुसरं कोण, तूच सांग."

रूलोफनं क्लबच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सायकल काढून निघून गेला. सित्सेला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरा असता तर भांडला असता, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

पुढच्या गुरुवारी त्यानं एकट्यानंच संघ ठरवला. दिवे लागले तशी चुंबकं लावली आणि मग रूलोफचे क्लबात राहिलेले बूट पोचवायला गेला. खिडकीला पडदा होताच. बेल वाजवूनही दार उघडलं नाही. बूट पायरीवर ठेवून तो परतला. निदान हा सामना तरी घरातल्या घरात राहील, या विचारानं त्याला हलकं वाटलं.

त्याच्या घरामागची बोळ नळासाठी खणून ठेवली होती. पुढच्या दारानं पोस्टमन आणि पाहुणे यायचे. सित्से कित्येक वर्षांत तिकडून आत शिरला नव्हता. आज इलाज नव्हता. सायकल ढकलत तो रस्त्यावरून घरासमोर आला आणि जागीच थांबला.

त्याच्या खिडकीपुढे कुत्रेवाला उभा होता. दिव्याच्या उजेडात फळ्यावरची अकरा नावं रस्त्यापर्यंत वाचता येत होती. त्या माणसानं नेहमीसारखा हात वर केला. हातात फोन होता.

आतून तिनेकेनं हसून हात हलवला.