क्लॅम्प कुणी आवळला

ट्रकमधून उतरलेला माणूस लेफ्टनंट लिंड आहे हे व्हर्जिल टेटला आधी पटेचना. लिंडचं विमान जानेवारीत जर्मनीवर पडलं होतं. आता मे उजाडला होता. युरोपातली लढाई संपून आठ दिवस झाले होते. आणि हा माणूस, वाळून निम्मा झालेला, कुणाचा तरी ढगळ कोट घातलेला, धावपट्टीच्या कडेनं सरळ त्याच्याकडे येत होता.

“काय चीफ, ओळख विसरलास? का माझी सायकल विकून खाल्लीस म्हणून गप्प?”

टेटनं हातातला पाना गवतावर ठेवला.

“सर, आम्ही तुम्हाला मेलेलं धरलं होतं. रेडक्रॉसच्या एकाही यादीत नाव नव्हतं.”

“आईनंही तसंच धरलं होतं म्हणे. कैद्यांच्या छावणीत होतो. चार महिने सलगमचं पाणी. तुझ्या हातची कॉफीसुद्धा आता गोड लागेल बघ.”

टेट हसला नाही. चार महिने ज्या प्रश्नाला तो भीत होता, तो आता दोन पायांवर चालत त्याच्यासमोर आला होता.

लिंडच्या विमानाची देखभाल टेटकडे होती. हाताखाली एमेट नोलन. जानेवारीत लिंड दोनदा मोहीम अर्धी टाकून परतला. इंजिन खडखडतंय, म्हणाला. दोघांनी इंजिन उघडून पाहिलं, प्लग बदलले, काही सापडलं नाही. बाकीचे मेकॅनिक चिडवायचे, “टेटच्या इंजिनाला लढाई दिसली की सर्दी होते!” असा दोनदा परतलेला वैमानिक लोकांच्या डोळ्यांवर येतो. भोजनगृहात कुणी ‘भित्रा’ असं कुजबुजलं, तेव्हा टेटच उसळला होता. “दोष माझ्या इंजिनात आहे, माझ्या माणसात नाही.”

तिसऱ्या मोहिमेच्या सकाळी, काही राहायला नको म्हणून, दोघांनी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची रबरी नळी बदलली. सगळीकडे दव गोठलं होतं. चार हात एकाच फटीत. नळी घट्ट धरणारा क्लॅम्प शेवटी टेटनं आवळला.

तीन तासांनी रेडिओवर लिंडचा आवाज आला, “पाणी गेलं. इंजिन तापलंय. उडी मारतोय.” मग काहीच नाही.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं एवढंच विचारलं, “क्लॅम्प कुणी आवळला?”

“नोलननं,” टेट म्हणाला.

नोलन चाळिशीचा, नेब्रास्कात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. “थंडीनं बोटं बधिर होती, चीफ. मला काही आठवतच नाही. पण तू म्हणतोस म्हणजे मीच असणार.”

त्याच आठवड्यात पायदळानं तळाकडे माणसं मागितली. पहिलं नाव नोलनचं लागलं.

“आणि नोलन कुठाय?” लिंडनं विचारलं. “तंबाखू चघळत बसला असेल कुठंतरी. त्या म्हाताऱ्याला बोलाव.”

टेटनं टोपी काढली.

“नोलन गेला, सर. मार्चमध्ये. जर्मनीत, एक नदी ओलांडताना. त्याला पायदळात पाठवलं होतं.”

“मेकॅनिकला? का?”

“माझ्यामुळं.” टेटनं सगळं सांगितलं. नळी, क्लॅम्प, तो अधिकारी, नोलनची बोटं. “जायच्या दिवशी माझा हात धरून म्हणाला, लिंडच्या आईला पत्र लिहायचंय, पण काय लिहू ते कळत नाही. तेव्हाही मी बोललो नाही. बाहीवरची हुद्द्याची पट्टी जाईल, म्हणून बोललो नाही.”

लिंड खाली गवतात बसला. खिशातून सिगारेट काढली. ती पेटवली.

“म्हणजे मरेपर्यंत त्याला वाटत होतं, त्यानंच मला मारलं?”

“हो, सर.”

“आणि तुला वाटत होतं, तू मारलंस.”

“हो, सर. तुम्ही मला शिव्या द्या, अधिकाऱ्यांपुढं उभं करा, काहीही करा. पण एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. क्लॅम्प माझाच निसटला ना?”

लिंडनं सिगारेट गवतात विझवली.

“काही निसटलं नव्हतं, चीफ. खडखडही कधी नव्हती,” तो म्हणाला. “इंजिन मी स्वतःच्या हातानं बंद केलं.”