अख्खा अगेट

सोलेदाद गावातल्या कारखान्यात आम्ही अगेटचे, म्हणजे अकीकाचे, दगड कापायचो. त्या दिवशी करवतीचं हिऱ्याचं पातं बोथटलं होतं, दगडावर नुसतं घसरत होतं.

"पातं कोण बघणार रे, क्लोव्हिस? तुझा बाप?" कारखाना सांभाळणारी इवेतीवहिनी कडाडली.

मनात शिवी हासडत मी त्या पात्याने मऊ वीट कापली. झिजलेला थर निघून नवे हिरेकण उघडे पडले, पात्याला धार आली. मग करवत थांबवून तिच्यात अख्खा अगेट आवळला. बटण दाबायच्या आधीच दगड कापल्याचा आवाज सुरू झाला.

"बंद कर, मेल्या!"

"चालू कुठे केलीय?"

मी वीज तोडली. पातं स्थिर होतं, तरी दगडाच्या आतून कापल्याचा आवाज येतच राहिला.

वहिनीने दगडावर तळवा टेकला आणि किंचाळून मागे घेतला. दगडावर ओरखडाही नव्हता. तिच्या तळव्यावर मात्र सरळ, बारीक काप होता, आणि तो मनगटाकडे सरकत चालला होता.